मूळची कुठली

यंदा थंडी उशिरा आली, पण आली ती एकदम. संध्याकाळी गच्चीवरची चादर काढायला गेले तर ती वाळूनही हाताला ओली वाटत होती. दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेत निघाले तेव्हा ओझरच्या बाजूला जमिनीलगत धुराचा पट्टा दिसला. पारा फारच खाली गेला की द्राक्षबागांत शेकोट्या पेटवतात, घडांना गारठा लागू नये म्हणून. तो धूर हळूहळू सगळीकडे पसरतो. स्वेटरला, ओढणीला, वर्गातल्या मुलींच्या केसांना त्याचा वास दिवसभर राहतो. काही वर्षांपूर्वीच्या एका हिवाळ्यात याच वासात आमच्या आडगावच्या घरातून पहाटे एक मुलगी दोरीवरच्या उड्या मारायला अंगणात जायची. तिच्या दोरीचा फरशीवरचा सटसट आवाज हाच तेव्हा आमचा गजर होता.

ती मैत्री, माझ्या थोरल्या बहिणीची मुलगी. कॅनडात वाढलेली, आणि धंद्याने बॉक्सर.

बॉक्सरचं नाव मैत्री कसं, असं तेव्हा प्रत्येकाने विचारून घेतलं. नाव आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी ठेवलेलं. बुद्धवंदनेतला त्यांचा सगळ्यात आवडता शब्द तो. पुढे ही पोरगी लोकांच्या नाकावर ठोसे मारून पोट भरणार आहे, हे त्यांना पाळण्याच्या दिवशी कुठून कळणार?

मैत्रीचा जन्म नाशिकचा. ताई लग्नानंतर कॅनडाला गेली होती. भावजी विमानांचे मेकॅनिक, ओझरच्या कारखान्यात शिकून तिकडे गेलेले. ताईला दिवस गेले तेव्हा तिकडच्या शेजारणींनी तिला समजावलं, की बाळ इथेच होऊ दे, जन्मतःच इथलं नागरिक होईल, पुढची सगळी कटकट वाचेल. ताईने ऐकून घेतलं आणि सातव्या महिन्यात विमानात बसून माहेरी आली. पहिलं बाळंतपण माहेरी. हे आमच्याकडे कुणी ठरवत नाही, ते ठरलेलंच असतं. तेव्हा आई होती. घरात डिंक तळल्याचा वास, कोपऱ्यात शेगडी, शेगडीवर ओवा. जानेवारीच्या कडाक्यात मैत्री जन्मली आणि अंग धरायच्या आतच कॅनडाला गेली. शाळेत असताना तिला तिकडचं नागरिकत्व मिळालं. तिच्या पासपोर्टवर देश कॅनडा आणि जन्मस्थळ नाशिक, असं एकाच पानावर छापलेलं आहे.

मी इतिहास शिकवते, त्यामुळे असल्या गोष्टींवर विचार करायची मला खोड आहे. आपल्याकडे निम्म्या लोकांचं जन्मगाव म्हणजे आईचं माहेर. मी जन्मले निफाड तालुक्यात, आजोळी. त्या गावात मी पुढे लग्नकार्यापुरतीच गेले. तिथली नदी मला माहीत नाही, शाळा माहीत नाही, तरी कुणी विचारलं की मी त्याच गावाचं नाव सांगते. आईला जिथे निर्धास्त वाटलं, तिथले आपण. मैत्रीच्या बाबतीत एवढ्याशा कारणाने एक अख्खा देश बदलला होता, इतकंच.

ती बॉक्सिंग करते हे आम्हाला बरीच वर्षं व्यायाम म्हणूनच माहीत होतं. मग कळलं की ती सामने खेळते, आणि त्याचे तिला पैसे मिळतात. ऑलिंपिकमध्ये खेळाडू देशातर्फे उतरतो. व्यावसायिक बॉक्सिंगमध्ये बॉक्सर स्वतःपुरता उतरतो, पण तिकिटं विकायला झेंडा लागतोच. कॅनडात तिची ओळख करून द्यायचे ती ‘नाशिक, इंडिया’ अशी. ती रिंगकडे चालत येताना ढोल वाजवायचे, एकदा तर पडद्यावर वाघ दाखवला. तिने ते चालवून घेतलं. वाघ कुठला, आमच्याकडे बिबटे येतात उसात, असं ती तिच्या प्रशिक्षकाला म्हणाली होती म्हणे.

त्या हिवाळ्यात तिला पहिल्यांदाच भारतात सामना मिळाला, पुण्यात. समोर रितू नावाची हरियाणाची मुलगी, नावाजलेली. सामना फेब्रुवारीत होता. हवेची आणि खाण्याची सवय व्हावी म्हणून मैत्री डिसेंबरातच आमच्याकडे राहायला आली. येताना तिला वाटत होतं की आता आपण घरच्या मैदानावर खेळणार. आल्यावर आठवड्याभरात संयोजकांनी पोस्टर पाठवलं. एका बाजूला रितू, मागे तिरंगा. दुसऱ्या बाजूला मैत्री, मागे कॅनडाचं लाल पान. खाली मोठ्या अक्षरांत भारत विरुद्ध कॅनडा.

तिने संयोजकांना फोन लावला. माझा जन्म तुमच्या पुण्यापासून चार-पाच तासांवरचा आहे, तेवढं तरी लिहा, असं तिने सांगितलं. तिकडचा माणूस नम्र होता. तो म्हणाला की दोन्हीकडे भारत असला तर प्रेक्षक ओरडणार कुणासाठी? फोन ठेवल्यावर ती बराच वेळ अंगणातल्या दगडावर बसून बोटांना पट्ट्या गुंडाळत राहिली.

मैत्रीचं मराठी ऐकायला मला फार आवडायचं. ताईने नेलेलं, त्या काळचं मराठी. ‘लय भारी’ आणि ‘नाय गं’ म्हणणारी ती कॅनडाची मुलगी भाजीवाल्यांना आपली वाटायची. पण चार वाक्यं झाली की एखाद्या शब्दावर अडायची, आणि मग ठरलेला प्रश्न यायचाच. मूळची कुठली तू? तिकडे हाच प्रश्न तिला इंग्रजीतून येतो, असं ती सांगायची, आणि सांगताना हसायची.

हंगाम भरात होता. महामार्गावर क्रेटनी भरलेले पिकअप, बागांमध्ये घडांना बांधलेले कागद, पेठ-सुरगाण्याकडून खुडणीला आलेल्या बायकांचे टेम्पो. आबांचे कारखान्यातले एक जुने सोबती आता बागायतदार झाले होते. त्यांच्याकडून आबा रोज टोपलीभर द्राक्षं आणायचे आणि मैत्रीसमोर ठेवायचे. तिला वजन उतरवायचं होतं. ती मोजून थोडे मणी खायची आणि टोपली माझ्याकडे सरकवायची. आबांना वजनाचं गणित पटत नव्हतं. मारामारी करायची तर खायला पाहिजे, हे त्यांचं साधं म्हणणं.

ते पोस्टर आबांनी पाहिलं आणि घरातली हवा बदलली.

आबांबद्दल सांगायला हवं. त्यांचा जन्म वणीजवळच्या एका खेड्यातला, गावकुसाबाहेरच्या वस्तीतला. शिकून ते ओझरच्या विमान कारखान्यात लागले आणि निवृत्त होईपर्यंत तिथेच राहिले. त्यांनी हात लावलेली लढाऊ विमानं आमच्या डोक्यावरून जायची तेव्हा ते जेवता जेवता थांबून वर बघायचे. त्यांना त्यांच्या गावाबद्दल विचारलं तर एका वाक्यात उत्तर. देशाबद्दल विचारलं तर तासभर. पंधरा ऑगस्टला ते अजूनही इस्त्रीचा पांढरा शर्ट घालतात.

पोस्टर पाहिल्यावर तिसऱ्या दिवशी जेवताना त्यांनी शांतपणे सांगितलं की ते सामना बघायला येणार नाहीत. आपल्या देशाच्या पोरीला दुसऱ्या झेंड्याखाली मारायचं आणि आपण टाळ्या वाजवायच्या, हे त्यांना जमणार नव्हतं.

मैत्री म्हणाली की तीही मला मारणारच आहे, तेही धरा हिशेबात. आबा हसले नाहीत. मग ती जन्मगावावर आली. झेंडा काहीही असो, मी नाशिकची आहे हे कुणी पुसू शकत नाही, असं तिचं म्हणणं होतं.

आबांनी ताटातला हात थांबवला.

“जन्मगावाचं काय सांगती मला? माझ्या जन्मगावानं मला विहिरीवर येऊ दिलं नाय. देशानं येऊ दिलं. माझ्यासाठी देश मोठा हाय, पोरी. गाव नाय.”

मैत्रीला हे माहीत नव्हतं. ताईने कधी सांगितलं नसावं, किंवा सांगितलं तरी कॅनडातल्या स्वयंपाकघरात ते एखाद्या जुन्या गोष्टीसारखं वाटलं असेल. तिने हातातला भाकरीचा तुकडा ताटात ठेवला. मग हळू आवाजात म्हणाली, “मला कुठल्याच विहिरीवर कुणी अडवलं नाही, आबा. पण कुठलीच विहीर माझी आहे असं पण कुणी म्हटलं नाही. नाशिक तेवढं कागदावर आहे.”

मला दोघांचंही खरं वाटत होतं, आणि एका घरात दोन खरी माणसं समोरासमोर बसली की तिसऱ्याने ताटं उचलावीत. मी ती उचलली.

पहाटे मी तिला स्कूटरवर शहराच्या दुसऱ्या टोकाला, त्रिरश्मी लेण्यांच्या डोंगराशी न्यायचे. ती पायऱ्या पळत चढायची, उतरायची, पुन्हा चढायची. मी वर जाऊन उन्हात बसायचे. खाली अजून धुकं असायचं आणि धुक्यातून शहराचे आवाज वर यायचे, दिसायचं काही नाही. एका सकाळी तिचं पळणं संपल्यावर मी तिला एका लेण्यातला लेख दाखवला. ते लेणं उत्तरेकडून आलेल्या एका यवनाने, म्हणजे ग्रीक वंशाच्या माणसाने, कोरवून घेतलेलं आहे. परका माणूस, इतक्या लांब येऊन दान देतो आणि दगडावर स्वतःची ओळख कोरून ठेवतो. आधी सांगतो, मी उत्तरेचा. मग गावाचं नाव, मग आपण यवन असल्याचं, मग बापाचं नाव. स्वतःचं नाव अगदी शेवटी.

मैत्रीने घाम पुसत ते दोनदा विचारून घेतलं. मग म्हणाली, “मावशी, रिंगमधला अनाउन्सर अस्संच बोलतो. आधी गाव, मग नाव.” आणि तिने तिथेच, दोन्ही हात वर करून, लांबवलेल्या आवाजात त्या यवनाची घोषणा करून दाखवली. लेण्यात आवाज घुमला. पलीकडे वंदना करायला आलेल्या दोन म्हाताऱ्या बायका थबकून बघायला लागल्या. मी वरमले, पण मनातून मला फार बरं वाटलं. इतकी वर्षं हा लेख मी मुलांना शिकवला, त्याला असा आवाज कधी दिला नव्हता.

पुण्याला निघायच्या सकाळी गाडी दारात आली. मी मैत्रीची बॅग घेऊन बाहेर आले तर पुढच्या सीटवर आबा बसलेले. कारखान्यात असताना मिळालेला निळा स्वेटर, मफलर, मांडीवर पाण्याची बाटली. मी बघतच राहिले तेव्हा ते काचेकडे बघत म्हणाले, “तिथं तिला शिव्या घालणारे लय असतील. घरचं कुणीतरी पाहिजे.”

मैत्री मागून आली, तिने पाहिलं, आणि मागे बसली. सिन्नरचा घाट येईपर्यंत दोघंही खिडकीबाहेर बघत होते. मग तिने पुढे वाकून त्यांचा मफलर नीट केला.

सामन्याच्या आदल्या दिवशी दोन्ही बॉक्सरांचं वजन करतात आणि मग फोटो. दोघींनी समोरासमोर उभं राहून एकमेकींकडे रागाने बघायचं, अशी पद्धत. पुण्यातल्या एका हॉटेलच्या हॉलमध्ये हे सगळं चाललं होतं. वजनं नीट झाली. फोटोला वेळ होता म्हणून आम्ही खुर्च्यांवर बसलो. शेजारी उंच, पिळदार मिशांचे एक गृहस्थ येऊन बसले. रितूचे वडील, फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. आम्ही नाशिकचे आहोत हे कुणाकडून तरी ऐकून ते मुद्दाम आले होते. तोफखान्यात होतो, तुमच्या नाशिकच्या देवळालीला बरीच वर्षं काढली, असं त्यांनी हिंदीत सांगितलं. तिथली थंडी, रेल्वेच्या फाटकाजवळचा चहा, वरून जाणारी ओझरची विमानं, सगळं त्यांना आठवत होतं. ती विमानं मी जोडलेली, असं आबा त्यांच्या मोडक्या हिंदीत म्हणाले, तेव्हा हवालदारांनी उठून त्यांच्याशी हात मिळवला.

मग ते सहज बोलून गेले की रितू देवळालीलाच जन्मली. छावणीतल्या दवाखान्यात. ती चालायला लागली तोवर त्यांची बदली झाली.

आबांनी माझ्याकडे पाहिलं. मी मैत्रीकडे. मैत्री उठली आणि सरळ रितूपाशी गेली. रितू भिंतीला टेकून केळं खात होती. काय विचारलं ते मला ऐकू आलं नाही, पण रितूने आधी मान हलवली, मग तिचं तोंड उघडं राहिलं. मग ती मोठ्याने म्हणाली, “मतलब कल नाशिक और नाशिक की लड़ाई है?”

पुढे फोटोच्या वेळी पंचाईत झाली. दोघी नाकाला नाक लावून उभ्या राहिल्या, रागाने बघायला लागल्या, आणि पाहता पाहता रितूच्या ओठाचा कोपरा हलला. संयोजकांच्या माणसाने पुन्हा सुरुवात करायला सांगितली. पुन्हा तेच. शेवटी वर्तमानपत्रांत छापून आला तो फोटो माझ्याकडे आहे. त्यात दोघी दात आवळून हसू दाबताहेत. लोकांना ती खुन्नस वाटली असेल.

दोघींचंही जन्मगाव जाहीर करा, असं आबांनी त्या माणसाला सुचवून पाहिलं. त्याने पोस्टर छापून झाल्याचं सांगितलं.

सामना संध्याकाळी झाला. मैत्री कॅनडाच्या झेंड्याखाली आली तेव्हा सगळ्या स्टेडियममधून हूऽऽ असा आवाज उठला. आपल्या माणसासाठी असा आवाज ऐकणं फार वाईट असतं. ती मात्र सराव असल्यासारखी शांत चालत होती. मग रितू आली, आणि ‘इंडिया, इंडिया’ सुरू झालं. आबांचे ओठ सवयीने हलायला लागले. दोन वेळा हलले, मग त्यांच्या लक्षात आलं, आणि त्यांनी मफलर तोंडावर ओढून घेतला.

पहिल्या फेऱ्या रितूच्या गेल्या. तिचे हात फार वेगवान. मैत्री उंचीने जास्त, पण तिला अंतर सापडत नव्हतं. चौथ्या फेरीपासून ते सापडलं. तिचा डावा ठोसा रितूच्या कपाळावर बसायला लागला आणि मागे कुणीतरी घाणेरडी शिवी दिली. आबांनी वळून पाहिलं. ती शिवी पुन्हा आली नाही. पुढच्या एका फेरीत दोघी दोरांना टेकून अंगात अंग अडकवून थांबल्या, दोघींच्याही हातांत बळ उरलं नव्हतं, आणि तेवढ्यात आबा उभे राहून ओरडले, “हात वर! हात वर घे!” समोरच्या बाजूला हवालदारही उभे होते. आबा नक्की कुणाला सांगत होते, हे मी त्यांना अजून विचारलेलं नाही.

पंचांचं एकमत नव्हतं. दोघांनी रितूला थोडक्यात जिंकवलं, एकाने मैत्रीला. रितूचा हात वर झाला आणि पुन्हा देशाच्या नावाचा गजर झाला. तिच्यासमोर माइक धरला तेव्हा तिने वडिलांचे, प्रशिक्षकांचे आभार मानले. मग दम खात म्हणाली की ही समोरची पण नाशिकला जन्मलेली आहे, मी पण, तेव्हा हूटिंग पुरे करा. सांगण्याची पद्धत शेतावर कामाला आलेल्यांना पाणी प्यायला बोलवावं तशी. क्षणभर लोकांना समजलं नाही. मग कुठेतरी वरच्या रांगेत कुणी शिट्टी मारली, कुणी हसलं, आणि टाळ्या सुरू झाल्या. त्या मात्र दोघींना होत्या.

कपडे बदलायच्या खोलीत मैत्री थोडं रडली. मधल्या फेऱ्या आपल्या होत्या, याबद्दल तिला शंका नव्हती. मग डोळ्याला बर्फ लावून म्हणाली की आता मला मटण पाहिजे. आबा तेव्हा तिथे नव्हते. ते आधी पलीकडच्या खोलीत जाऊन रितूच्या डोक्यावर हात ठेवून आले होते. आल्यावर त्यांनी मैत्रीच्या सुजलेल्या गालाकडे निरखून पाहिलं आणि लढलीस चांगली, एवढं म्हणाले. आमच्या घरात यापेक्षा मोठी शाबासकी कुणाला मिळालेली नाही.

आता मैत्री कॅनडात आहे. दर रविवारी तिचा फोन येतो. पुढचा सामना ठरला की आबांचा पहिला प्रश्न असतो, समोरची कुठं जन्मलेली हाय? तीही चौकशी करून ठेवते. कुणी फिलिपिन्समध्ये जन्मून इटलीसाठी खेळते, कुणी जर्मनीत जन्मून घानासाठी. आबा ती गावं माझ्या शाळेच्या नकाशावर शोधतात. चष्मा कपाळावर घेऊन, बोट फिरवत, अगदी मन लावून. गावांबद्दल इतकं कुतूहल मी त्यांच्यात पूर्वी पाहिलं नव्हतं.

पण त्या हिवाळ्यातलं मला सगळ्यात जास्त आठवतं ते सामन्यानंतरचं. दोन-तीन दिवसांनी हवालदारांचा फोन आला. परत जायच्या आधी रितूला देवळाली दाखवायची होती, तुम्हीही चला म्हणाले. आम्ही गेलो. उन्हं छान होती. सोमवार असावा, रस्ते मोकळे होते. दोन्ही मुली मागे बसून एकमेकींच्या जखमांची चौकशी करत होत्या, अर्धं हिंदी, अर्धं इंग्रजी, मधेच मैत्रीचं ‘लय दुखतंय’.

छावणीच्या फाटकावर पहारेकऱ्याने आम्हाला थांबवलं. कोवळा पोरगा, दक्षिणेकडचा असावा. हवालदारांनी आपलं जुनं ओळखपत्र दाखवलं, या मुलीचा जन्म इथला, फक्त दवाखान्याची इमारत बाहेरून दाखवायची आहे, असं सांगितलं. पोरगा अदबीने ऐकत होता, पण त्याची नजर मागच्या सीटवर गेली आणि तिथेच अडकली. दोन मुली. एकीचा डोळा निळाजांभळा होऊन मिटलेला, दुसरीच्या कपाळावर टाके, दोघींचे ओठ सुजलेले.

त्याचा चेहरा गंभीर झाला. त्याने हवालदारांना बाजूला घेतलं आणि आवाज खाली आणून विचारलं, “साहब, इन लड़कियों को मारा किसने?”

हवालदारांनी मिशीवरून हात फिरवला. मागे वळून दोघींकडे पाहिलं, आबांकडे पाहिलं.

“एक-दूसरे ने,” ते मोठ्याने म्हणाले.

मागच्या सीटवर आधी रितूला हसू फुटलं, मग मैत्रीला. टाके ओढले जात होते, ओठ दुखत होते, तरी त्यांना थांबता येईना. पहारेकरी पोरगा गोंधळून एकदा त्यांच्याकडे, एकदा आमच्याकडे बघत राहिला. मग आत जाऊन त्याने दोघींसाठी आपल्या बाटलीतलं पाणी आणलं.